विरमगामच्या पुढं

आकाराम चौगुल्याचा आवाज गावाच्या एका टोकाला उठला की दुसऱ्या टोकाच्या म्हशी कान टवकारतात, असं त्याची बायको चिमणाबाई म्हणायची. त्यात कौतुकही असायचं आणि वैतागही. पन्हाळ्याच्या पायथ्याला त्यांचं गाव. ऊस, भात, दावणीला म्हशी, हाताखाली धाकटा भाऊ गुंडू. घरचं सगळं यथास्थित होतं. पण आकाराम घरात टिकायचा नाही. सकाळी धारा झाल्या की जावा मोटरसायकलला किक मारून तो कोल्हापूरला यायचा आणि जिथं चार माणसं दिसतील तिथं गाडी उभी करून बोलायला लागायचा. त्याच्या गोष्टी ऐकताना माणसं हातातला चहा गार होऊ द्यायची. त्यात खरं किती आणि पदरचं किती, हे कुणी विचारायचं नाही.

त्याचा दोस्त यज्ञेश्वर देशिंगकर याच्या अगदी उलटा. राजारामपुरीत आठव्या गल्लीत दोन खोल्या, विमा कचेरीत नोकरी, इस्त्रीचा शर्ट, आणि तोंडातून एक शब्द काढायचा तरी आधी आतल्या आत तपासून घेणार. दोघांची गाठ कॉलेजात पडली होती. आकाराम इंटरला आपटला आणि शेतीकडं परतला, यज्ञेश्वर पदवी घेऊन कचेरीत चिकटला, पण वीस वर्षं झाली तरी दोस्ती सुटली नाही. रविवारी संध्याकाळी जावा आठव्या गल्लीत शिरली की शेजारीपाजारी म्हणायचे, आलं देशिंगकरांचं रेडिओ स्टेशन.

लखपतचं वेड मूळचं यज्ञेश्वरचं. कचेरीतल्या भिंतीवरच्या नकाशात त्याला ते दिसलं होतं. कच्छच्या पार टोकाला, रणाच्या काठावर, जिथं रस्त्याची तांबडी रेघ संपते तिथं हे नाव. एके काळी तिथं मोठं बंदर होतं. मग भूकंप झाला, नदीनं पात्र बदललं, पाणी गेलं आणि पाण्यामागोमाग माणसंही गेली. आता नुसता तट उभा आहे.

"तटाच्या आत काय हाय?" आकारामनं विचारलं होतं.

"काही नाही."

"मग बघायचं काय?"

"तेच."

हे उत्तर आकारामला इतकं आवडलं की महिनाभर तो भेटेल त्याला तेच सांगत सुटला. आणि १९७८ची दिवाळी झाल्यावर, ऊसतोड सुरू व्हायच्या आत, दोघं खरोखरच निघाले. आकारामनं घोंगडं, भाकऱ्या आणि चटणीचा डबा घेतला. बाकी सगळी तयारी यज्ञेश्वरची. त्याच्या खाकी पिशवीत कपड्यांखाली हवा भरायचा पंप होता, पंक्चरचं सामान होतं, जादा प्लग होता, नकाशा तर होताच.

पुण्यापर्यंत, मुंबईच्या बाहेरून, वापी, सुरत, बडोदा, सगळ्या रस्त्याला आकाराम बोलत होता. तोंड पुढं, आवाज मागं. वाऱ्यानं अर्धे शब्द उडून जायचे. यज्ञेश्वर मागं बसून वळण आलं की त्याच्या डाव्या नाहीतर उजव्या खांद्यावर थाप मारायचा. एवढंच त्याचं बोलणं, आणि आकारामला तेवढं पुरायचं.

यज्ञेश्वरच्या घरात एक दुखणं होतं. त्याची बायको पद्मजा दोन वर्षांपूर्वी बेळगावला माहेरी गेली होती. तिला तिकडं शाळेत नोकरी लागली, असं गल्लीत सांगितलेलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण जाण्याआधी ती काय म्हणाली, ते यज्ञेश्वरनं एकाच माणसाला सांगितलं होतं. कळंब्याच्या तळ्यावर दोघं बसलेले असताना, पाण्याकडं बघत तो म्हणाला होता, "ती म्हणाली, तुमच्याशी बोलायचं म्हणजे बंद दुकानाची फळी वाजवत बसायचं." त्या संध्याकाळी आकारामलाही पुढं काही बोलता आलं नव्हतं.

विरमगाम यायच्या जरा आधी, दिवस मावळताना, दोघं एका ढाब्यावर थांबले. बाहेर ट्रक उभे होते आणि त्यातल्या एकाच्या पाठीवर जोतिबाच्या नावानं चांगभलं लिहिलेलं होतं. आकारामला काय आनंद झाला! चार दिवस मोडक्यातोडक्या हिंदीत कसंबसं भागवत होता बिचारा. ट्रकवाला सांगलीकडचा निघाला. बरोबर त्याचा क्लीनर. यज्ञेश्वर हातपाय धुवायला मागच्या हापशावर गेला आणि इकडं आकारामचा पाट सुटला. शेजाऱ्याची म्हैस विहिरीत पडली ती गोष्ट झाली, तालमीतल्या वस्तादाच्या मिशीची गोष्ट झाली. ट्रकवाला मांडीवर थापा मारून हसत होता. ऐकणारा असा भेटला की आकारामला थांबता यायचं नाही. पुढची गोष्ट आधीच्या गोष्टीपेक्षा चढती हवी, आणि हाताशी काही राहिलं नव्हतं.

"आणि ह्यो माझा दोस्त," तो म्हणाला, "लई मोठा माणूस. पण बोलत न्हाई. ह्येची बायको शेवटी वैतागली बघा. रोज आपली फळी वाजवायची." त्यानं टेबलावर बोटाची पेरं आपटली. टक टक टक. "अवो, हाय का कोण आत? टक टक टक. दुकान बंद! गेली की मग बेळगावला, दुसऱ्या बाजाराला!"

ट्रकवाल्याला हसता हसता ठसका लागला. क्लीनरनंही टेबलावर टक टक करून बघितलं. आकाराम मान वळवून पाणी मागायला गेला, तर मागं यज्ञेश्वर उभा होता. तोंड ओलं, हातात टॉवेल.

यज्ञेश्वर समोर बसला, अर्धी रोटी खाल्ली, पाणी प्यायला. ट्रकवाला उठताना मोकळ्या मनानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बराय, येतो दुकानदार." त्याला बिचाऱ्याला काय माहीत!

रात्री विरमगामच्या धर्मशाळेत आकारामनं दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला. यज्ञेश्वर भिंतीकडं तोंड करून पडला होता. झोपला असेल, असं आकारामनं धरून चालायचं ठरवलं.

सकाळी तो दात घासून आला तेव्हा यज्ञेश्वरनं बूट घातले होते आणि खाकी पिशवी खांद्याला लावली होती.

"एवढ्यात निघायचं? चहा तर पिऊ की."

"मी स्टेशनवर चाललोय. अहमदाबादची गाडी आहे."

"खुळा झालास व्हय? आरं चेष्टा केली मर्दा! ती माणसं कोण, आपण कोण? परत भेटणार हायत का जन्मात?"

"सांगलीचा आहे तो. आठवड्यात कोल्हापुरात माल उतरवील."

"मग?"

यज्ञेश्वरनं पिशवीचा पट्टा नीट केला. "तिचं बोलणं मी एकाच माणसाला सांगितलं होतं, आकाराम."

आणि तो निघाला. आकारामला जे सुचलं ते त्याच्या नेहमीच्या पद्धतीनं, म्हणजे सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं बाहेर पडलं. "जा! जा की! एवढ्यातेवढ्याला रुसणारा तू, तुझ्यासंगं यायचीच चूक झाली माझी! मी जातो लखपतला एकटा!"

यज्ञेश्वर वळला नाही. टांग्यांच्या गर्दीत त्याचा पांढरा शर्ट दिसेनासा झाला.

आकाराम धर्मशाळेच्या दारात गाडीला टेकून बसला. चहा मागवला. तो संपला तेव्हा दुसरा मागवला. येईल, असं त्याला वाटत होतं. यज्ञेश्वर कधी रागावतच नाही, तर रागावून कुठवर जाणार? स्टेशनच्या बाजूनं येणारा प्रत्येक टांगा तो बघत राहिला. कुठंतरी शिट्टी झाली, पण ती कुठल्या गाडीची, हे कसं कळणार? ऊन वर आलं. उठून स्टेशनवर जाणं काही अवघड नव्हतं, रस्ता सरळ होता. पण एवढ्या मोठ्यानं ओरडून झाल्यावर पाठोपाठ जायचं कसं, हे त्याला समजेना. शेवटी त्यानं किक मारली आणि गाडीचं तोंड पश्चिमेकडं केलं.

पहिली गोष्ट त्याच्या लक्षात आली ती म्हणजे गाडी हलकी झाली होती. मागचं चाक वाळूवरून गेलं की शेपटी वळवायचं. दुसरी गोष्ट म्हणजे पाठ. चार दिवस पाठीला माणूस होतं. आता तिथं वारा लागत होता आणि शर्ट फडफडत होता. "त्यो बघ, कसला पक्षी..." असं तो बोलून गेला आणि पुढचा शब्द तोंडातच राहिला. तसं त्या दिवशी चार-पाच वेळा झालं. मग त्यानं ओठ मिटून घेतले.

सूरजबारीचा पूल ओलांडला तेव्हा दोन्ही बाजूंना चिखल आणि मीठ, मधे पाण्याचे चकाकणारे पट्टे, आणि पुलावर त्याच्याशिवाय कोणी नव्हतं. ही असली जागा बघितल्यावर माणसानं काहीतरी बोलायला पाहिजे होतं. तो थांबला, इंजिन बंद केलं, आणि शांतता एवढी मोठी वाटली की लगेच पुन्हा किक मारून निघाला.

भुजमध्ये तो एका लॉजवर राहिला. लॉजवाल्यानं "अकेले?" एवढंच विचारलं आणि किल्ली दिली. खाली चहाच्या दुकानात माणसं कच्छीत बोलत होती. आकाराम त्यांच्यात जाऊन बसला. "हम कोल्हापूर से," त्यानं सुरुवात केली. माणसांनी मान डोलावली, सरकून जागा दिली आणि आपलं बोलणं पुढं चालू ठेवलं. कोल्हापूर कुठं आहे, हे कुणी विचारलं नाही. चहा गरम असतानाच तो पिऊन उठला.

भुजच्या पलीकडं नखत्राणा, मग मातानो मढ. तिथून पुढं रस्ता तेवढा होता, बाकी काही नव्हतं. काळ्या दगडांच्या बुटक्या टेकड्या, वेड्या बाभळीची झुडपं, कुठं एखादं निवडुंगाचं बेट. घाटावरच्या माणसाला रिकामी जमीन म्हणजे पडीक वावर, बांधाला बांध लागलेला. पलीकडं कुणाचं तरी गुऱ्हाळ धुरावणार, कुणीतरी कुणालातरी हाक मारणार. इथं बांधच नव्हता. नजर अडायला काही नसलं की माणूस आपल्यालाच बघायला लागतो, आणि ते आकारामला नको होतं. त्यानं वेग वाढवला.

दुपारी मागचं चाक बसलं. गाडी लटपटत कडेला गेली. टायरमध्ये बोटभर काटा घुसला होता. आकारामनं घोंगडं पसरलं, पाने काढले, चाक सोडवलं, आणि मग हात थबकला. पंप आणि पंक्चरचं सामान खाकी पिशवीत. खाकी पिशवी विरमगामच्या स्टेशनवरून केव्हाच गेली होती. भुजच्या बाजारात पंप मिळाला असता, पण सामान बघायची सवय यज्ञेश्वरची. आकारामला आजवर ते बघावं लागलंच नव्हतं.

तो वाट बघत बसला. रस्ता दोन्ही बाजूंनी वितळल्यासारखा दिसत होता. ट्रक नाही, एस. टी. नाही, बैलगाडी नाही. ऊन कलायला लागलं तेव्हा झुडपांमागून एक म्हातारा उंटवाला आला. त्यानं गाडी बघितली, सुटलेलं चाक बघितलं, आकारामकडं बघितलं. मग गाडीच्या मागच्या सीटवर हात ठेवून, भुवया उंचावून काहीतरी विचारलं. शब्द कळले नाहीत, पण प्रश्न कळला. दुसरा कुठं आहे?

आकारामनं हातानं लांब पूर्वेकडं दाखवलं. म्हाताऱ्यानं मान हलवली. मग चाक उचललं, उंटाला बांधलं आणि चल म्हणून खूण केली. गाडी तिथंच राहिली. तिला नेणार तरी कोण होतं?

वस्ती दहा-पंधरा घरांची. गोल भिंती, वर गवताची टोपी. तिथं एकच चौकोनी खोली होती, ती शाळा. आणि शाळेच्या अंगणात एक सायकल. म्हाताऱ्यानं हाक मारली, तसा आतून पन्नाशीचा एक माणूस धोतराचा सोगा सावरत धावतच बाहेर आला. वनमाळीदास मास्तर. मूळचा भावनगरकडचा, सरकारनं इकडं नेमलेला. त्याच्याकडं पंप होता, रबराचे तुकडे होते, सोल्यूशनची ट्यूबही होती. "बैठो, बैठो," तो म्हणाला, "आता अंधार पडेल. सकाळी करू. आज तुम्ही माझे पाहुणे."

त्याची हिंदी चांगली होती. आकारामला वाटलं, चला, आता बोलायला माणूस भेटलं. पण त्याला एक शब्द बोलायला मिळाला नाही. मास्तरच बोलत होता. बाजरीचा रोटला थापताना बोलत होता, ताक वाढताना बोलत होता. किती वर्षं कुणी असं बसून ऐकलं नव्हतं कोणास ठाऊक! शाळेत मुलं किती येतात, पाऊस कधी पडला होता, विंचू उतरवायला काय करतात, एकातून दुसरं. आकाराम मान डोलवत राहिला. मधेच मास्तरनं विचारलं, "एकटेच निघालात?"

"दोस्त होता. विरमगामहून परत गेला."

"का?"

आकारामच्या जिभेवर सगळं आलं. ढाबा, ट्रकवाला, टक टक टक. "त्याला काम निघालं," तो म्हणाला.

मास्तरनं चुलीतला निखारा पुढं ओढला. मग आपणहूनच सांगायला लागला. दर दिवाळीला आणि मे महिन्यात तो सुट्टीवर घरी जातो. परत येताना आईच्या हातचा मोहनथाळ आणतो, डबा भरून. इथल्या बायका वाटच बघत असतात. म्हणतात, मास्तर, तुमच्या आईच्या हातात काय गोडी आहे! एकदा तिला इकडं आणा.

"आई जाऊन चार वर्षं झाली," मास्तर म्हणाला. "भावाच्या घरी मला जागा नाही. मी भावनगरला जातच नाही. भुजला धर्मशाळेत सुट्टी काढतो. मोहनथाळ तिथल्या मिठाईवाल्याकडचा. बाहेर बसून माझ्या डब्यात भरतो आणि घेऊन येतो." तो हसला. "पहिल्या वर्षी सांगणार होतो. पण सगळ्या म्हणाल्या, आई कशी आहे? आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, मजेत आहे. आता कसं सांगू? त्यांना वाईट वाटेल. चार वर्षांचं सुतक एकदम धरतील बिचाऱ्या."

आकाराम त्याच्याकडं बघत राहिला. इतकी चांगली गोष्ट त्याला उभ्या आयुष्यात सापडली नव्हती. डबा, मिठाईवाला, बोटं चाटणाऱ्या बायका; कुठं थांबायचं, कुठं आवाज काढायचा, सगळं त्याच्या मनात आपोआप जुळून आलं. आणि समोर मास्तर चुलीपुढं उकिडवा बसला होता, धोतराच्या टोकानं डोळे पुसत होता. धूर झाला होता थोडा.

"तुम्ही वाटसरू म्हणून बोललो," मास्तर म्हणाला. "कुणाला सांगू नका."

"न्हाई सांगणार," आकाराम मराठीतच म्हणाला. मास्तरला ते कळलं.

सकाळी दोघांनी मिळून पंक्चर काढलं आणि म्हाताऱ्यानं चाक पुन्हा उंटावर घातलं. निघताना मास्तरनं आपला पंपच पुढं केला. आकारामनं तो घेतला नाही, तर त्यानं जबरदस्तीनं घोंगड्यात गुंडाळून दिला. येताना परत द्या, म्हणाला. बहाणा होता तो. परतीच्या वाटेवर आकाराम थांबावा एवढंच त्याला पाहिजे होतं.

लखपतला तो दुपारच्या आत पोचला. तट लांबूनच दिसला, काळपट, प्रचंड, कुणीतरी नुकताच बांधून ठेवून विसरून गेल्यासारखा. वेशीत सीमेवरच्या जवानानं त्याला थांबवलं, कागद बघितले. "कोल्हापूर से? इतनी दूर? अकेले?" त्यानं तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलं आणि तीनदा आकारामनं हो म्हटलं. आत विटके चौथरे होते, पडक्या भिंती होत्या, एखाददुसऱ्या घरातून धूर निघत होता, एक शेळी होती. तो बुरुजावर चढला.

पलीकडं रण. राखी, सपाट, ओलसर. जमीन कुठं संपली आणि आभाळ कुठं सुरू झालं, ते शोधूनही सापडेना. तटाच्या आत काही नव्हतं आणि तटाच्या बाहेर त्याहूनही कमी होतं. यज्ञेश्वर सांगत होता ते हेच. आणि ते बघण्यासारखं होतं, हे आकारामला त्या क्षणी आतून कळलं. तो वळला. "यज्ञ्या, आरं..." असं तोंडातून निघालंसुद्धा. बुरुजावर वारा तेवढा होता.

तो तटाच्या भिंतीला पाठ टेकून खाली बसला. आपल्याला इथं कशासाठी यायचं होतं, ते त्याला आता दिसलं. यज्ञ्याला हे बघताना बघायचं होतं. तो काही बोलला नसता. नुसता उभा राहिला असता, आणि आपण त्याच्या बाजूला उभं राहून कोल्हापूरपर्यंत पुरेल एवढी बडबड केली असती. आकारामच्या डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यानं आलं, असंही म्हणता आलं असतं, पण तसं म्हणायला समोर कोणी नव्हतं. ऊन पायाशी येईपर्यंत तो तिथंच बसून राहिला.

परतताना तो मास्तरकडं पंप द्यायला थांबला आणि एक रात्र राहून, ऐकून आला. पुढचा रस्ता त्यानं कसा काढला, ते त्याला नंतर नीट आठवलं नाही. विरमगाममध्ये त्यानं गाडी थांबवली नाही.

गावात पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी डेअरीच्या कट्ट्यावर माणसं जमली. गुंडूनं सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. आकारामनं सांगितलं. पुलावरचं मीठ सांगितलं, उंटावर चाक कसं चढवलं ते सांगितलं, उंटानं मान वळवून चाकाचा वास घेतला, हे पदरचंही घातलं. माणसं हसली.

"आणि मग मास्तराकडं ऱ्हायलास, त्येचं काय?" कुणीतरी विचारलं. "काय म्हणत होता?"

"काय म्हणणार? चांगला माणूस. पंक्चर काढून दिलं." आणि आकाराम चहा प्यायला लागला. कट्ट्यावरची माणसं थोडा वेळ वाट बघत राहिली. आकाराम दमला असेल, असं त्यांनी एकमेकांना सांगितलं.

रविवारी तो राजारामपुरीत गेला. यज्ञेश्वरनंच दार उघडलं. पाणी दिलं, चहा केला, कप समोर ठेवला. "प्रवास बरा झाला?" असं विचारलं, कचेरीतल्या गिऱ्हाइकाला विचारावं तसं.

"लखपत बघितलं," आकाराम म्हणाला. "तू म्हणालास तसंच हाय." मग त्याला पुढं रेटता येईना. "यज्ञ्या, माझं चुकलं."

"हो," यज्ञेश्वर म्हणाला.

बाहेरून रिक्षा गेली. यज्ञेश्वर खिडकीकडं बघत होता. मग तो म्हणाला, "त्या दिवशी गाडी फार उशिरा होती. मी बाकावर बसून होतो. मला वाटलं, तू येशील."

आकारामचा कप हातात तसाच राहिला. "मी बी थांबलोतो. धर्मशाळेच्या दारात."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. आता कुणीतरी हसायला पाहिजे होतं, आणि पूर्वी आकारामच हसला असता, मोठ्यानं, सगळी गल्ली जागी करत. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. "असू दे," यज्ञेश्वर म्हणाला. त्यात राग नव्हता. पण ये, असंही त्यात नव्हतं. चहा संपवून आकाराम उठला.

नंतर तो दोन-तीनदा गेला. प्रत्येक वेळी चहा मिळाला. मग जाणं आपोआप कमी झालं. जूनमध्ये यज्ञेश्वरनं बदली मागून घेतली आणि तो रत्नागिरीला गेला. हे आकारामला पेट्रोल पंपावर तिसऱ्याच माणसाकडून कळलं. "म्हंजे? तुला म्हाईत न्हाई?" तो माणूस म्हणाला.

"म्हाईत हाय की," आकाराम म्हणाला आणि टाकीचं झाकण लावलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. खताच्या कामाला आकाराम कोल्हापुरात आला होता, आणि एस. टी. स्टँडसमोर गर्दीमुळं त्याला गाडी थांबवावी लागली. फलाटावर यज्ञेश्वर उभा होता. केस थोडे पांढरे झाले होते. त्याच्यासमोर पद्मजा, हातात बॅग. बेळगावच्या गाडीतून उतरली होती, की बेळगावच्या गाडीत बसायची होती, ते कळत नव्हतं. आणि यज्ञेश्वर बोलत होता. एखादा शब्द नव्हे, चांगला वाक्यामागून वाक्य बोलत होता, हात हलवत, अडखळत, पुन्हा सुरू करत. ती मान वर करून ऐकत होती. भोंग्यातून गाड्यांची नावं पुकारली जात होती, त्यामुळं इकडं काही ऐकू येत नव्हतं.

पूर्वीचा आकाराम असता तर त्यानं रस्त्याच्या ह्या बाजूनं अशी हाक दिली असती की सगळा स्टँड वळून बघेल. त्याच्या छातीत ती हाक आलीही. ती त्यानं तिथंच धरून ठेवली. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला, पुढची वाट मोकळी झाली, आणि आकारामनं गाडी गियरमध्ये टाकली.

घरी आल्यावर चिमणाबाईनं पाणी देताना विचारलं, "आज लवकर आलासा? कोण भेटलं न्हाई व्हय?"

तो अंगणातल्या दगडावर बसून बूट काढत होता. "भेटलं," तो म्हणाला. ती पुढं ऐकायला थांबली. तांब्या हातात घेऊन बराच वेळ थांबली. मग गोठ्यात म्हैस हंबरली, तशी ती धारेला गेली.